निर्लेखनाच्या यादीतून परत आलेला संगणक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात २४ वर्षं ग्रंथपाल आहे. गेल्या नोव्हेंबरात आमच्या कार्यकारी मंडळापुढे निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची, यादी आली. पाय मोडलेल्या दोन खुर्च्या, जळलेला टेबल फॅन, वाळवी लागलेलं एक कपाट आणि चौथ्या ओळीत ‘संगणक संच – १’. यादीत प्रत्येक वस्तूपुढे कारण लिहावं लागतं. संगणकापुढे लिहिलं होतं, ‘सपोर्ट नाही’. खुर्चीचा पाय मोडलाय हे सगळ्यांना दिसत होतं. संगणकाचं नेमकं काय मोडलंय, हे मात्र बैठकीतल्या कुणालाच सांगता येईना. मी मंडळाकडे एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात जे समजलं ते आपल्या वाचकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं, कारण हेच दोन शब्द लिहून अशा कितीतरी शाळा, वाचनालयं आणि ग्रामपंचायतींतली यंत्रं भंगाराच्या टेम्पोत चढतील अशी मला भीती वाटते.

हा संगणक आम्हाला २०१४ च्या डिसेंबरात मिळाला. आमच्या वाडीतले एक गृहस्थ गिरगावात राहतात. त्यांनी आईच्या स्मरणार्थ तो वाचनालयाला दिला. त्यांच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून आणून तो घरीच जोडला होता. कोअर आय-५ ४४६० हा इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर बसतात तो एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चालू कामापुरती माहिती धरणाऱ्या चार-चार जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर पडद्यावरचं चित्र तयार करणारं एक वेगळं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला आईच्या नावाची छोटी पितळी पट्टी आहे. गावातली निदान शंभर मुलं या संगणकावर माउस धरायला शिकली. पोलीस भरतीचे, एमपीएससीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म याच पट्टीसमोर बसून भरले गेले. त्यामुळे ती चौथी ओळ वाचताना मला फार वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘सपोर्ट नाही’ हे संगणकाच्या दुकानदाराने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला सेक्युअर बूट, म्हणजे चालू होताना फक्त खात्रीचीच प्रणाली सुरू करण्याची सोय, लागते, टीपीएम २.० नावाची, कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा तशी सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये, आमचं यंत्र त्याआधी तीन वर्षांचं. तपासणीच्या प्रोग्रॅमने तिन्ही ठिकाणी फुली मारली. दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, ह्याच्यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या,’ आणि ३८ हजारांचं कोटेशन दिलं. आमच्या वाचनालयाला ३८ हजार म्हणजे किती महिन्यांची नियतकालिकं, हा हिशेब मला तोंडपाठ आहे.

रत्नागिरीला डिप्लोमा करणारा आमचा एक वाचक शनिवार-रविवार गावी येतो. तो म्हणाला, ‘काकी, अकरा चढवता येतं. तपासणी वगळायची युक्ती आहे, अर्ध्या तासाचं काम.’ युक्ती आहे हे खरंच. पण अशा यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. घरच्या संगणकावर कुणी ती जोखीम घेतली तर तो त्याचा प्रश्न. वाचनालयाच्या संगणकावर लोक आधारचा क्रमांक टाकतात, बँकेचा ओटीपी टाकतात. तिथे उद्या अपडेट येईल की नाही हे माहीत नसलेली व्यवस्था ठेवणं मला पटेना. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा मुदत आहे, पण म्हणजे वर्षभराने हीच यादी पुन्हा आली असती. म्हणून आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घालायचं ठरवलं. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे पडत नाहीत आणि दहा-बारा वर्षांच्या प्रोसेसरवर ती नीट चालते. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, मात्र नवी घेतली, २४० जीबीची, १,६५० रुपयांना. जुनी हार्ड डिस्क तशीच आत ठेवली, कारण आमची पुस्तकांची सूची तिच्यावर होती.

असेंबल केलेल्या यंत्राची अडचण इथून सुरू होते. कंपनीच्या तयार संगणकावर मॉडेल नंबर असतो. तो शोधला की त्याच मॉडेलवर आणखी कुणाला काय अडचण आली, ते सापडतं. आमच्या यंत्राला मॉडेलच नाही. बोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कार्ड तिसऱ्याचं. छप्पर गळलं की गवंडी सुताराकडे बोट दाखवतो आणि सुतार कौलं शाकारणाऱ्याकडे, तशी गत. नेमकी हीच जोडणी जगात दुसऱ्या कुणाकडे असेल की नाही कोण जाणे. तेव्हा दुसऱ्याचं उत्तर आयतं मिळत नाही, आपल्यालाच एकेक गोष्ट बाजूला काढत जावं लागतं.

पहिल्या शनिवारी मिंट भरलेला पेन ड्राइव्ह लावला. मिंटचं चिन्ह दिसलं आणि पडदा काळा. तीनदा तेच. हे लवकर सुटलं. जुनं ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, यांचं पटत नव्हतं. सुरुवातीच्या मेन्यूत ‘ई’ दाबून ‘क्वाएट स्प्लॅश’ या शब्दांच्या जागी ‘नोमोडसेट’ लिहिलं की पडदा येतो, म्हणजे ग्राफिक्सची हुशारी बाजूला ठेवून यंत्र साध्या चित्रावर चालतं. नंतर आम्ही ते कार्डच काढून टाकलं. आमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि विषय संपला. फॉर्म भरायला आणि पुस्तकांच्या नोंदी करायला कार्ड लागतच नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती. इन्स्टॉलेशन सुरू झालं, फाइली कॉपी होऊ लागल्या आणि मध्येच थांबलं. ‘एरनो ५, इनपुट आउटपुट एरर’. खाली सूचना होती, ती मी वहीत उतरवून घेतली. सीडी पुसा, सीडी ड्राइव्हची काच पुसा, हार्ड डिस्क जुनी असेल तर बदला, यंत्र थंड जागी हलवा. आमच्याकडे सीडी नव्हती आणि डिस्क त्याच आठवड्यात आणलेली. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदाही. डिप्लोमावाला मुलगा वैतागून म्हणाला, ‘एसएसडीच डुप्लिकेट दिसतेय, परत करूया.’

मला सवय आहे ती वाचकांच्या तक्रारी तारखेनिशी लिहून ठेवायची. त्याच वहीत मी प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि टक्के लिहिले होते. पहिल्यांदा ३१ टक्क्यांवर थांबलं, दुसऱ्यांदा ६७ वर, तिसऱ्यांदा १२ वर. वही त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्याचाही चेहरा बदलला. पेन ड्राइव्हवरची फाइल खराब असती तर दर वेळी त्याच फाइलपाशी अडकलं असतं. तरी खात्रीसाठी आम्ही उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणक काढतो ती ओळखखूण, काढून पाहिला. तो ६४ अक्षरा-आकड्यांचा असतो आणि फाइलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी सगळाच बदलतो. त्याने एकेक अक्षर वाचलं, मी मिंटच्या संकेतस्थळावरच्या अक्षरांशी ताडून पाहिलं. जुळला. म्हणजे फाइल चांगली. आता दर वेळी वेगळ्या जागी चूक करणारं काय असू शकतं? ज्याच्यातून प्रत्येक फाइल जाते आणि जे दर वेळी वेगळ्या तऱ्हेने भरतं, ते. म्हणजे रॅम.

पेन ड्राइव्हच्याच मेन्यूत मेमरी टेस्ट असते. ती रॅमच्या घराघरात ठरलेले आकडे लिहिते, परत वाचते आणि फरक आला की लाल ओळ दाखवते. सहाव्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या आणि बघता बघता पडदा भरला. मी लगेच ‘रॅम गेली’ असं वहीत लिहिलंही. पण मग एकेक रॅम, एकेका खाचेत लावून पाहिली. पहिली रॅम पहिल्या खाचेत: ठीक. पहिली रॅम दुसऱ्या खाचेत: लाल. दुसरी रॅम पहिल्या खाचेत: ठीक. दुसरी रॅम दुसऱ्या खाचेत: लाल. दोन्ही रॅम चांगल्या होत्या, दुखणं दुसऱ्या खाचेत होतं.

कॅबिनेट आडवं करून टॉर्च मारला तेव्हा कारण दिसलं. आमचं गाव खाडीपासून जवळ आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, लोखंडी रॅकला हात लावला तर हाताला गंज लागतो. ती खारी दमट हवा अकरा पावसाळे या पेटीतही शिरत होती. खाचेतल्या धातूच्या बारीक पट्ट्यांवर काळपट थर आणि कडेला पांढुरकी पूड. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून काँटॅक्ट क्लीनर आणला, मुलांच्या रंगपेटीतला नवा ब्रश घेतला आणि खाच हळूहळू साफ केली. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं. खोडरबराची पूड आत पडू नये म्हणून हे टेबलावर कागद पसरून, पेटीपासून लांब करायचं, हे त्यानेच मला शिकवलं. रात्री टेस्ट लावून गेलो. सकाळी सात वाजता कुलूप उघडलं तर दोन्ही रॅम लावलेल्या, चार फेऱ्या पूर्ण आणि चुका शून्य.

आता मागचं आठवलं. दोन पावसाळे हा संगणक मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडत होता. ‘व्हायरस आहे’ म्हणून तो दोनदा फॉरमॅट झाला. दोन्ही वेळा पैसे दिले आणि दोन्ही वेळा दिवाळीनंतर आपोआप बरं वाटलं. हवा कोरडी झाली की त्रास कमी व्हायचा आणि आम्हाला वाटायचं, फॉरमॅटने गुण आला.

इन्स्टॉलेशन वीस मिनिटांत झालं. रविवारी संध्याकाळी मिंटवर आमच्या वाचनालयाचं नाव टाकून पहिलं पान छापायची तयारी केली, बंद केलं, घरी गेलो. सोमवारी सकाळी मी बटण दाबलं आणि समोर जुनं विंडोज. काहीच घडलं नव्हतं असं. मुलगा रत्नागिरीला गेलेला. मी खुर्चीत बसून राहिले.

इथे मला माझ्या एका जुन्या सवयीचा अर्थ कळला. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी संगणकाची तारीख हाताने लावत होते. न लावली तर बँकेची, भरतीची कुठलीच साइट उघडायची नाही, ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असं यायचं. मदरबोर्डवर पैशाएवढी गोल बॅटरी असते, सीआर २०३२. संगणक बंद असताना घड्याळ आणि बोर्डाच्या सेटिंग तीच जपते. ती संपलेली होती. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू केलं तरी सगळं ठीक दिसतं. आम्ही विजेच्या भीतीने रात्री मेन स्विच पाडून जातो. मेन पडला की बोर्ड सगळं विसरायचा. तारीखही, आणि आधी नव्या एसएसडीवरून सुरू व्हायचं हेही. मग त्याच्या मूळ क्रमाप्रमाणे तो जुन्या हार्ड डिस्ककडे जायचा. बॅटरी ४० रुपयांची. बाजारपेठेत घड्याळवाल्याकडे मिळाली. मी स्वतः बसवली, छापील बाजू वर ठेवून, आणि बूटचा क्रम पुन्हा लावला. त्या रात्री मुद्दाम मेन पाडला. मंगळवारी सकाळी मिंट उघडलं आणि कोपऱ्यात तारीख बरोबर होती.

वायफायचं डोंगल ओळखलं जाईना, तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट दिलं, ते लगेच चाललं आणि त्यावरून डोंगलचा ड्रायव्हर उतरवला. लहान लेझर प्रिंटरला एक जादा प्लगइन लागलं. ही दोन्ही कामं एका दुपारची.

माझ्या दृष्टीने मात्र इन्स्टॉलेशन तेव्हा पुरं झालं, जेव्हा त्यावर मराठी नीट आलं. आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तांत्रिक माणसं हे काम ‘फॉण्ट टाका’ एवढ्यात उरकतात. आमच्या ११ हजारांवर पुस्तकांची सूची जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉण्टात केलेली होती. अशा फॉण्टात मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर चित्रासारखं बसवलेलं असतं. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मिंटवर ती तशीच दिसली. मंडळाचे एक सदस्य पाहून म्हणाले, ‘बघा, लिनक्सला मराठी येत नाही.’ त्यांना मी मिंटवर इनस्क्रिप्ट कळफलक लावून दाखवला. एमएस-सीआयटीला शिकलेला तोच कळफलक, एकही कळ इकडची तिकडे नाही. मराठी येत होतं, आमची जुनी फाइलच मराठीत नव्हती. ती मराठीची चित्रं होती.

ती सूची आता परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली आहे आणि मी रोज थोडी थोडी तपासते. परिवर्तक ‘ऱ्य’ चा ‘र्य’ करतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात. आचारी असलेल्या ‘आचाऱ्यांना’ विद्वान ‘आचार्यांना’ होतं. वाचक शोधायला बसला आणि त्याने बरोबर टाइप केलं तर पुस्तक सापडणारच नाही. शिवाय क्ष हे जोडाक्षर युनिकोडच्या हिशेबात क ने सुरू होतं, म्हणून क्षीरसागर आडनावाचे लेखक क च्या यादीत जाऊन बसले. पूर्वी विंडोजवर हे झालंच नसतं असं नाही, पण तिथे जुना फॉण्ट चालत होता म्हणून ११ वर्षं कुणी त्याकडे पाहिलं नाही. व्यवस्था बदलावी लागली म्हणून आमची सूची पहिल्यांदा खरोखर मराठीत येते आहे, याचा मला फार आनंद आहे. पुढे त्यावर ‘कोहा’ बसवायचं आहे. हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार झालं आणि २००० च्या जानेवारीत वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लिनक्सवरच ते चालवतात, तेव्हा आमचं यंत्र त्यासाठी योग्य जागी आलं आहे.

या सगळ्याला पाच शनिवार-रविवार आणि सुमारे १,९०० रुपये लागले. प्रत्येक जुना संगणक असा उठून बसेल असं मी म्हणत नाही. बोर्ड जळलेला असेल, प्रोसेसर फारच जुना असेल तर तो निर्लेखनातच जायला हवा, आणि तोही अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे, भंगारवाल्याकडे नव्हे. प्रत्येक वाचनालयाला असा विद्यार्थीही मिळणार नाही, हे मला कळतं. म्हणूनच काही गोष्टी व्यवस्थेने कराव्यात असं वाटतं.

ग्रंथालय संचालनालय आणि शिक्षण विभाग यांना विनंती आहे की संगणकाच्या निर्लेखनात ‘सपोर्ट नाही’ हे कारण एकटं स्वीकारू नये. कुठला भाग निकामी आहे आणि तो कुठल्या तपासणीत निकामी ठरला, हे लिहिण्याची सक्ती असावी. आमच्या यंत्राची साधी मेमरी टेस्ट झाली असती आणि बॅटरी बदलली असती तर ते यादीत आलंच नसतं. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन दिवस, पावसाळ्यानंतर, अशी तपासणी ठेवता येईल. तंत्रनिकेतनांच्या मुलांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून द्यावं. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं ‘काइट’ या तिथल्या शासकीय संस्थेने तयार केलेली लिनक्सची आवृत्ती वापरतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचीही ‘बॉस’ नावाची लिनक्स आवृत्ती आहे. म्हणजे वाट नवी नाही, आपल्याकडे तिच्यावरून चालणारे कमी आहेत.

दुसरी विनंती मुंबई-पुण्यातल्या आमच्या चाकरमान्यांना. गावच्या शाळेला, वाचनालयाला तुम्ही मायेने संगणक पाठवता. तो असेंबल केलेला असेल तर त्याबरोबर मदरबोर्डची पुस्तिका, बिलं आणि कुठला भाग कुठल्या मॉडेलचा याची एक पानाची यादी जरूर पाठवा. आम्हाला बोर्डाचं नाव शोधण्यासाठी पेटी उघडून, धूळ पुसून, दोन खाचांमधली पांढरी बारीक अक्षरं भिंगातून वाचावी लागली. ती यादी आता मी केली आहे. एक प्रत कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, दुसरी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे वाचनालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्या नोंदीखाली. बॅटरी बदलल्याची तारीखही लिहिली आहे, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला रोज घड्याळ लावत बसावं लागणार नाही.

ज्या दुकानदारांनी कोटेशन दिलं होतं त्यांना मी बोलावून यंत्र दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत. दिवसाला दहा यंत्रं येतात, त्यात एकेका खाचेसाठी चार तास देणं त्यांना परवडत नाही. त्यांनी वही मागून घेतली, टक्क्यांचं पान वाचलं आणि त्यांच्याकडे भंगारात काढून ठेवलेले दोन संगणक पुन्हा तपासून बघतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात एकाची मेमरी टेस्ट लावल्याचा त्यांचा फोन आला.

डिसेंबरच्या बैठकीत यादीतली चौथी ओळ खोडून अध्यक्षांनी शेजारी सही केली. गिरगावच्या गृहस्थांना मी पत्राने हे कळवलं आहे आणि त्यांच्या मुलाला मूळ बिलं जपून ठेवली असतील तर पाठवायला सांगितलं आहे. सूचीच्या ३,२०० नोंदी तपासायच्या अजून बाकी आहेत. सध्या ‘म’ चालू आहे.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, राजापूर तालुका, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)